तेलाच्या टाक्या साफ करण्याचा धंदा: कोटेशन देण्याआधी हे वाचा



कमी भांडवलात, एमआयडीसीच्या आसपास राहून करता येतील अशा सेवा-धंद्यांची यादी काढली, की तेलाच्या टाक्यांची साफसफाई त्यात हमखास येते. दुकान लागत नाही, माल भरून ठेवावा लागत नाही, उधारीचं प्रमाण बेताचं. एक सक्शन पंप, दोन-चार माणसं, एक टेम्पो आणि ओळखीचा एखादा मेंटेनन्स मॅनेजर. एवढ्यावर पहिलं काम मिळतंही.

आणि अडचण इथंच सुरू होते. या धंद्यात काम मिळणं सोपं आहे. आत गेलेला माणूस संध्याकाळी घरी जाणं, हे खरं काम आहे. गिऱ्हाईक तुम्हाला गाळ काढायचे पैसे देतं असं त्याला वाटतं, पण तुम्ही विकता ती गोष्ट वेगळी आहे. तुम्ही विकता सुरक्षितपणे काढलेला गाळ. हा फरक कोटेशनमध्ये दिसला नाही, तर धंदा एका दुपारी संपतो. म्हणून आज यंत्राच्या किमतीपासून सुरुवात करायची नाही. सुरक्षेपासून करायची आणि तिचा हिशेब रुपयांत कसा मांडायचा तिथपर्यंत जायचं.

कामं कुठं असतात?

बॉयलर किंवा थर्मिक फ्लुइड हीटर फर्नेस ऑइलवर चालवणारे कारखाने. हॉस्पिटल, मॉल, आयटी पार्कमधल्या जनरेटरच्या डिझेल टाक्या. ट्रान्सपोर्ट कंपन्यांचे स्वतःचे डिझेल पंप. खाद्यतेलाच्या गिरण्या आणि रिफायनऱ्या. पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांचं कामही असतं, पण ते बहुतेक ऑइल कंपनीच्या मान्यताप्राप्त ठेकेदारांकडेच जातं. नवख्यानं तिकडे बघू नये.

टाकी साफ का करावी लागते? तेलासोबत थोडं पाणी येतं, हवेतल्या दमटपणानं आणखी साचतं. पाणी जड म्हणून तळाला जातं. तिथं गंज, माती, डांबरासारखा भाग आणि डिझेलमध्ये तर जिवाणू-बुरशीचा चिकट थर मिळून गाळ तयार होतो. हा गाळ फिल्टर चोक करतो, बर्नर बंद पाडतो, ऐन वेळी जनरेटर चालू होत नाही. म्हणजे गरज खरी आहे आणि ती दर काही वर्षांनी परत येते. धंदा म्हणून पाया चांगला आहे.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक

नवीन माणसाला हे पटत नाही. तेल काढलं, आता काय उरलं? उरते ती वाफ. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी असते. रिकाम्या टाकीत भिंतींवरचा तेलाचा थर आणि तळाचा गाळ वाफ सोडत राहतात आणि ती वाफ हवेत मिसळते. पेट्रोलचं उदाहरण घ्या. हवेत त्याची वाफ साधारण १.४ टक्क्यांपासून ७.६ टक्क्यांपर्यंत असेल तर ठिणगीनं पेटते. १.४ च्या खाली मिश्रण विरळ असतं, ७.६ च्या वर इतकं दाट की पेटत नाही. पण टाकी उघडून हवा खेळवायला लागलात, की दाट मिश्रण विरळ होत जातं आणि खाली येताना या पेटणाऱ्या टप्प्यातून जातंच. म्हणजे सफाईची सुरुवातच धोक्याच्या रस्त्यावरून होते.

आता धोके एकेक करून बघू.

पहिला, आग आणि स्फोट. पेट्रोलियम नियमांत तेलांचे वर्ग फ्लॅश पॉइंटवर पाडले आहेत. २३ अंशांच्या खाली वर्ग 'अ', त्यात पेट्रोल. २३ ते ६५ मध्ये वर्ग 'ब', त्यात डिझेल. ६५ ते ९३ मध्ये वर्ग 'क', त्यात फर्नेस ऑइल. आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश ठेवलेला आहे. आता मे महिन्यात विदर्भात उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी टाकीचा पत्रा किती तापतो ते आठवा. "डिझेल आहे, ते कुठं पेटतंय" हे वाक्य त्या टाकीजवळ बोलू नका.

दुसरा, प्राणवायूची कमतरता. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो. बंद लोखंडी टाकीत गंज चढतानाही प्राणवायू खर्च होतो. गाळातले जिवाणू तो वापरतात. काही कारखान्यांत टाकीवर नायट्रोजन सोडलेला असतो, त्याला ना वास ना रंग. प्राणवायू १० टक्क्यांच्या खाली गेला तर माणूस बेशुद्ध पडतो, आणि 'गुदमरतंय' असं वाटायच्या आधी पडतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही.

तिसरा, विषारी वायू. गंधक असलेल्या तेलात, म्हणजे कच्च्या तेलात आणि फर्नेस ऑइलमध्ये हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. त्याचा वास सडक्या अंड्यासारखा. पण वासावर भरवसा ठेवायचा नाही. साधारण १०० पीपीएमच्या आसपास तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. वास गेला म्हणून "गॅस निघून गेला" असं समजणारा माणूस त्या क्षणी सर्वांत मोठ्या धोक्यात असतो. ५०० ते ७०० पीपीएममध्ये काही मिनिटांत माणूस कोसळतो.

चौथा, साधे वाटणारे धोके. निसरडा तळ, उष्णता, अंधार, आतली स्टीम कॉइल किंवा हीटर, अचानक उघडलेला व्हॉल्व्ह.

"आमच्याकडे फक्त खाद्यतेलाच्या टाक्या आहेत, त्यात कसला गॅस?" असं म्हणणारे बरेच भेटतात. ९ फेब्रुवारी २०२३ ला आंध्र प्रदेशात काकिनाडा जिल्ह्यात, पेद्दापुरमजवळच्या खाद्यतेलाच्या कारखान्यात टाकी साफ करताना सात कामगार मरण पावले. पेट्रोल नाही, रसायन नाही, रोजच्या स्वयंपाकातलं तेल. टाकीत काय भरलं होतं यावरून ती सुरक्षित ठरत नाही. आतल्या हवेचं मोजमाप घेतल्यावरच ठरते.

वाचवायला गेलेला माणूस

या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी मुद्दाम मध्यावर ठेवली आहे, कारण सुरुवात चाळून सोडणारे पुष्कळ असतात.

अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेनं १९८६ मध्ये एक इशारापत्र काढलं. त्यात नोंदवलं होतं, की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त बळी हे आधी पडलेल्याला वाचवायला गेलेल्यांचे होते. आपल्याकडे वेगळं काही घडत नाही. १ नोव्हेंबर २०१८ ला कल्याण पूर्वेला नेतिवली भागात विहीर साफ करायला उतरलेला माणूस वर आला नाही. त्याच्या मागोमाग उतरलेलेही आले नाहीत. एकूण पाच जण गेले आणि त्यातले दोन अग्निशमन दलाचे जवान होते. विहीर असो की टाकी, बंदिस्त जागेचं गणित तेच.

आपली माणसं चांगली असतात, एकमेकांवर जीव टाकणारी असतात. एकाच गावातली, कधी सख्खे भाऊ. खाली पडलेल्याला पाहून वरचा उडी टाकणारच. म्हणून "आत जाऊ नकोस" असं त्या वेळी ओरडून उपयोग नाही. आत न जाता त्याला बाहेर ओढता येईल अशी सोय काम सुरू व्हायच्या आधी उभी असली पाहिजे. तीच खरी बचाव योजना.

पहिला प्रश्न: माणूस आत जायलाच हवा का?

कोटेशन देण्याआधी स्वतःला हा प्रश्न विचारा. पाचशे, हजार, दोन हजार लिटरच्या जनरेटर टाक्यांमध्ये बहुतेक वेळा माणूस जायची गरजच नसते. लांब सक्शन पाइप, डिझेल फिरवून गाळणारं युनिट, बाहेरून चालवायची दांडी आणि स्क्वीजी एवढ्यावर काम होतं. मोठ्या टाक्यांसाठीही मॅनहोलमधून सोडायचे फिरते जेट-हेड मिळतात, ते आतून भिंती धुतात आणि गाळ पातळ करून पंपानं ओढता येतो.

माझा सरळ सल्ला असा, की पहिलं वर्ष फक्त 'माणूस आत नाही' या प्रकारचीच कामं घ्या. जनरेटरच्या टाक्या शहरात ढिगानं आहेत. त्यातून धंदा, ओळख आणि शिस्त तिन्ही तयार होतात. आत उतरायची कामं प्रशिक्षण झाल्यावर, साधनं विकत घेतल्यावर.

आत जावंच लागलं, तर कामाचा क्रम

इथं क्रमाला महत्त्व आहे. एकही पायरी वरखाली करायची नाही.

१. माहिती घ्या. टाकीत आत्ता काय आहे, त्याआधी काय होतं, शेवटची सफाई कधी झाली, कॉइल किंवा हीटर आहे का, नायट्रोजन आहे का, मॅनहोल किती आणि कुठं. तेलाचं सुरक्षा माहितीपत्रक कारखान्याकडून लेखी मागा. "साधं ऑइल आहे हो" हे उत्तर चालत नाही.

२. बाहेरूनच जास्तीत जास्त रिकामी करा. पंपानं निघेल तेवढं तेल आणि पातळ गाळ आधी काढून घ्या. सक्शन टँकर वापरत असाल तर त्याच्या व्हॅक्यूम पंपातून वाफ बाहेर पडते हे लक्षात ठेवा. टँकर मॅनहोलपासून लांब उभा करा.

३. टाकी खरोखर तोडा. म्हणजे प्रत्येक पाइपलाइन वेगळी करा. नुसता व्हॉल्व्ह बंद करणं म्हणजे तोडणं नव्हे, व्हॉल्व्ह पास होतात. फ्लँज उघडून ब्लाइंड प्लेट घाला किंवा पाइपचा तुकडाच काढा. पंप, मिक्सर, हीटरची वीज बंद करून त्यावर कुलूप आणि 'माणूस आत आहे' अशी पाटी लावा. त्या कुलपाची किल्ली तुमच्या खिशात, कारखान्याच्या इलेक्ट्रिशियनकडे नाही.

४. ठिणगीचा बंदोबस्त. टाकी, पंप, पाइप आणि जेटचा नोझल एकमेकांना तारेनं जोडून अर्थिंगला बांधा. जोरात वाहणारं तेल आणि प्रेशरचं पाणी स्थिर वीज तयार करतात. म्हणून ज्वालाग्राही वाफ असताना प्रेशर जेट किंवा स्टीम सुरू करायची नाही. मोबाइल, लायटर, काडेपेटी गेटवरच जमा. नायलॉनचे कपडे नको, सुती हवेत. खरवडायला पितळेची किंवा ठिणगी न पाडणारी हत्यारं. आसपासचं वेल्डिंग, ग्राइंडिंग बंद.

गंधकयुक्त तेलाच्या टाकीत काळा-तपकिरी खवला निघतो. त्यात आयर्न सल्फाइड असेल तर तो सुकल्यावर हवेत आपोआप तापून पेटू शकतो. असा खवला ओला ठेवायचा आणि ओलाच बाहेर काढायचा.

५. हवा खेळवा. ब्लोअर फ्लेमप्रूफ किंवा कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा हवा. घरगुती पंखा किंवा साधा एक्झॉस्ट फॅन चालणार नाही. तेलाची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते, म्हणून हवेचा डक्ट तळापर्यंत पोचला पाहिजे. बाहेर निघालेली वाफही जमिनीलगत पसरते, तेव्हा आसपास गाडी, जनरेटर, चहाची शेगडी काही नको. आणि हवेऐवजी सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन टाकीत कधीही सोडायचा नाही, त्यानं कपडेसुद्धा कापरासारखे पेटतात.

हिशेब सोपा आहे. २० हजार लिटरची टाकी म्हणजे २० घनमीटर जागा. ताशी १,००० घनमीटर हवा देणारा ब्लोअर कागदावर तासात ५० वेळा हवा बदलतो. प्रत्यक्षात कोपऱ्यात, कॉइलच्या मागे हवा अडून राहते आणि गाळ नवी वाफ सोडत राहतो. म्हणून "दोन तास ब्लोअर चालवला" हा पुरावा नाही. मीटर काय दाखवतो हा पुरावा.

६. मोजा. चार वायूंचा मीटर हवा आणि तो कॅलिब्रेट केलेला हवा. मोजण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी प्राणवायू, मग ज्वालाग्राही वाफ, मग विषारी वायू. कारण मीटरमधला ज्वालाग्राही वाफेचा नेहमीचा सेन्सर प्राणवायू कमी असेल तर चुकीचा आकडा दाखवतो. पाइप किंवा दोरीनं मीटर वर, मध्ये आणि तळाशी असा तिन्ही पातळ्यांवर सोडा, मॅनहोलमध्ये डोकं न घालता.

आकडे पाठ करा:
- प्राणवायू १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या आत, शक्यतो २०.९.
- ज्वालाग्राही वाफ पेटण्याच्या खालच्या मर्यादेच्या, म्हणजे एलईएलच्या, १० टक्क्यांपेक्षा कमी.
- हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या खाली.
- कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएमच्या खाली.

यातला दुसरा आकडा नीट समजून घ्या. १० टक्के एलईएल म्हणजे स्फोटाचा धोका लांब आहे, एवढंच. श्वास घ्यायला हवा चांगली आहे असा त्याचा अर्थ नाही. पेट्रोलची १.४ टक्के ही मर्यादा घेतली, तर तिचे १० टक्के म्हणजे हवेत १,४०० पीपीएम वाफ. तेवढ्यात डोकं गरगरतं, पाय डळमळतात. म्हणून हवा पूर्ण साफ होईपर्यंत आतल्या माणसाला बाहेरची हवा पुरवणारा मुखवटा लागतोच. बऱ्याच मोठ्या कंपन्या तर मीटरवर शून्यच मागतात.

७. परमिट. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ नं ही शिस्त घालून दिली होती: सक्षम व्यक्तीनं स्वतः चाचणी घेऊन लेखी दाखला द्यावा, नाहीतर आत जाणाऱ्यानं श्वसनयंत्र आणि पट्टा घालावा आणि पट्ट्याच्या दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं. कलम ३६-अ नं टाकीत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा नेण्यावर बंधन घातलं आणि ज्वालाग्राही वाफ असण्याची शक्यता असेल तिथं फ्लेमप्रूफ दिवाच सांगितला. कलम ३७ नं वाफ काढून टाकल्याशिवाय टाकीवर वेल्डिंग-कटिंगला मनाई केली. आता कामगार कायदे नव्या संहितांमध्ये एकत्र आले आहेत, कलमाचा आकडा बदलला, पण दाखल्याशिवाय आत नाही हे तत्त्व बदलत नाही. परमिटवर तारीख, वेळ, मीटरचे आकडे, आत जाणाऱ्यांची नावं आणि सही. एक परमिट एका पाळीपुरतं. जेवायला बाहेर आलात, तर परत मोजल्याशिवाय आत नाही.

८. आतलं काम. फुल बॉडी हार्नेस, त्याला दोर, हेल्मेट, तेलाला टिकणारे हातमोजे आणि बूट, फ्लेमप्रूफ दिवा. मीटर अंगावर आणि चालू. गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू सुटतो, त्यामुळे सकाळचा आकडा दुपारी खरा नसतो. ब्लोअर एक मिनिटही बंद नाही. उन्हाळ्यात वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावा, पाणी द्या. मीटर वाजला तर "एवढी बादली टाकून येतो" नाही. आहे तसं सोडून बाहेर.

एक गैरसमज इथंच काढतो. कार्ट्रिजचा मास्क हवा गाळतो, प्राणवायू तयार करत नाही. प्राणवायू कमी असलेल्या टाकीत तो मास्क आणि तोंडाला बांधलेला रुमाल यांत फरक नाही. तिथं पाठीवर सिलिंडर असलेलं श्वसनयंत्र किंवा बाहेरून नळीनं शुद्ध हवा पुरवणारं यंत्रच लागतं.

९. बाहेरचा माणूस. मॅनहोलपाशी एक माणूस फक्त लक्ष ठेवायला. तो पाइप ओढणार नाही, चहा आणायला जाणार नाही, फोनवर बोलणार नाही. आत कोण, किती वाजता गेला, हे वहीत लिहिणार. दर दोन-तीन मिनिटांनी हाक मारून उत्तर घेणार. आणि काहीही झालं तरी आत जाणार नाही. हा तुमच्या गँगमधला सर्वांत शहाणा माणूस हवा. सर्वांत कमी पगाराचा पोरगा इथं उभा करायची पद्धत मोडा.

१०. बचावाची सोय. वरून उतरायचं असेल तर ट्रायपॉड आणि विंच, दोर हार्नेसला आधीच लावलेला. बाजूच्या मॅनहोलमधून जायचं असेल तर ओढून काढायची पद्धत आधी बाहेर करून बघितलेली. जादा श्वसनयंत्राचा सेट मॅनहोलपाशी तयार. प्राणवायूशिवाय मेंदूला इजा व्हायला चार ते सहा मिनिटं पुरतात, त्यामुळे १०८ ला आणि अग्निशमन दलाला फोन लगेच करायचाच, पण त्यांच्या भरवशावर राहायचं नाही.

गाळाचं काय करायचं?

टाकी साफ झाली म्हणजे काम संपलं नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत पेट्रोलियम साठवण टाक्यांच्या सफाईतून निघणारा तेलकट गाळ आणि धुण्याचं पाणी स्पष्ट नमूद आहे. हा घातक कचरा आहे. वीटभट्टीवाला घ्यायला तयार असतो, ओढ्याच्या कडेला रात्री ओतणारेही असतात. दोन्ही बेकायदा, आणि तपास लागला तर टेम्पोचा नंबर तुमचाच निघतो.

कारखान्यानं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीनुसार तो गाळ ९० दिवसांच्या आत अधिकृत केंद्राकडे किंवा अधिकृत रिसायकलरकडे पाठवायचा असतो, मॅनिफेस्ट भरून, अधिकृत गाडीतून. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथं अशी सामाईक केंद्रं आहेत. कोटेशनमध्ये एक ओळ घाला: 'गाळ कारखान्याच्या आवारात ड्रममध्ये भरून, लेबल लावून देऊ. विल्हेवाट कारखान्याच्या खात्यावर.' या एका ओळीनं पुढची बरीच डोकेदुखी वाचते.

आता कोटेशन

सुरक्षेचा खर्च 'किरकोळ' मध्ये टाकू नका, वेगळा दाखवा. एक नमुना मांडतो. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या भागातले भाव घाला. काम एका दिवसाचं, टाकी २० हजार लिटरची.

- मजुरी, चार माणसं प्रत्येकी १,२०० प्रमाणे: ४,८०० रुपये
- सुपरवायझर: २,००० रुपये
- पंप, ब्लोअर, कॉम्प्रेसर: ६,००० रुपये
- मीटर, श्वसनयंत्र, ट्रायपॉड यांचा घसारा आणि कॅलिब्रेशन: ३,५०० रुपये
- हातमोजे, बूट, कपडे, दोर: १,७०० रुपये
- विमा, वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण: २,००० रुपये

एकूण खर्च २०,०००. त्यावर २५ टक्के, म्हणजे ५,००० रुपये. कोटेशन २५,००० आणि जीएसटी वेगळा.

शेजारच्या ठेकेदाराचं कोटेशन येतं १२,००० चं. तो जादूगार नाही. त्यानं सुपरवायझर काढला, बाहेर उभा राहणारा माणूस काढला, मीटर-श्वसनयंत्र काढलं, हातमोजे-बूट काढले, विमा काढला. झाले १०,४०० कमी. त्याचा खर्च उरला ९,६००, त्यावर तेच २५ टक्के, म्हणजे १२,०००. नफ्याची टक्केवारी दोघांची सारखीच. त्यानं स्वस्त केलं ते त्याच्या माणसांचं आयुष्य.

हे गिऱ्हाइकाला असंच दाखवा. दर कमी करायचा आग्रह झाला, तर यादी पुढे ठेवा आणि विचारा, "साहेब, यातली कुठली ओळ काढू?" बहुतेक मॅनेजर 'मीटर काढा' असं लिहून देत नाहीत. कारण अपघात झाला तर चौकशी एकट्या ठेकेदाराची होत नाही, कारखान्याच्या मालक-मॅनेजरचीही होते, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

तरीही फोन येतोच. "अहो, टाकी दोन तासांत मोकळी पाहिजे, संध्याकाळी टँकर येतोय." इथं उत्तर तयार ठेवा: "साहेब, माणसं सकाळी आठला गेटवर हजर राहतील. मीटर ओके दाखवेल तेव्हा आत जातील. टँकर उद्याचा घ्या." हे शांतपणे सांगायचं, भांडायचं नाही. काम गेलं तर जाऊ द्या. असं एक काम सोडल्यानं धंदा बुडत नाही.

सुरुवात कुठून करायची?

उद्यम नोंदणी, जीएसटी आणि बँक खातं हे तुम्हाला माहीतच आहे. त्यापुढे या क्रमानं जा. माणसांना ईएसआयसी, आणि ते लागू नसेल तर कामगार नुकसानभरपाईचा विमा. नंतर प्रशिक्षण: मुंबईत शीवला केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, नवी मुंबईत सीबीडी बेलापूरला नॅशनल सेफ्टी कौन्सिल आहे. दोन्हीकडे औद्योगिक सुरक्षेचे कार्यक्रम होतात. बंदिस्त जागेतल्या कामाचा कोर्स कधी आहे ते विचारा, स्वतः जा आणि सुपरवायझरलाही न्या. त्यानंतर पहिली मोठी खरेदी चार वायूंच्या मीटरची. प्रेशर जेट, टेम्पो, बोर्ड हे सगळं नंतर.

आणि कामाची वही ठेवा. प्रत्येक टाकीचे मीटरचे आकडे, वेळा, नावं, परमिटची प्रत, गाळ किती ड्रम निघाला. दोन वर्षांनी एखाद्या मोठ्या कंपनीच्या व्हेंडर नोंदणीला गेलात, की तिथला सेफ्टी ऑफिसर हीच वही मागतो. बारा हजारांत काम करणाऱ्याकडे ती नसते. मोठी, नियमित आणि चांगल्या दराची कामं मिळण्याचा रस्ता या वहीतूनच जातो.

आज एवढंच काम करा. वरच्या दहा पायऱ्या एका कागदावर तुमच्या भाषेत लिहा, आणि प्रत्येक पायरीपुढे 'यासाठी माझ्याकडे काय आहे' हे लिहा. जिथं रकाना रिकामा राहील, तिथपर्यंत आत उतरायचं कोटेशन द्यायचं नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. त्यात जनरेटरच्या डिझेल टाकीचं 'माणूस आत नाही' पद्धतीचं काम, सुरुवातीपासून बिलापर्यंत दाखवणार आहे. तोपर्यंत काळजी घ्या, स्वतःची आणि तुमच्या माणसांची.